घाई नाई आपल्याले

त्या मुलखातला सगळ्यात वेगानं जाणारा माणूस आपल्या शेजारी राहतो, असं आमच्या ह्यांनी मला सांगितलं, तेव्हा तो माणूस विहिरीवर आंघोळ करत होता आणि मी बादली घेऊन ताटकळत उभी होते. लग्न होऊन नाशिककडून बल्लारपूरला आले त्याच आठवड्यातली ही गोष्ट. ह्यांना कागदाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. चाळीत बिऱ्हाड मिळालं, पण विहीर एकच, आणि त्या विहिरीवर लटारीभाऊ. एक तांब्या अंगावर घ्यायचा, मग आकाशाकडे बघायचं, मग एक टाच घासायची, मग कुणी दिसलं की रामराम घालायचा. शेवटी न राहवून मी म्हटलं, "अहो, जरा आटपा की."

ते दचकले, मग तोंडभर हसले आणि म्हणाले, "घ्या नं बाई, तुमी भरून घ्या पयले. घाई नाई आपल्याले."

हे वाक्य मी पुढं किती वेळा ऐकलं, सांगता येणार नाही. जेवताना, बोलताना, दुकानात उभं राहताना, लटारीभाऊंना कशाचीच घाई नसे. त्यांची बायको सुभद्रा स्वभावानं विस्तवासारखी. ती म्हणायची, "बाई, ह्या मानसाले वाढलं तं मी चार घरं फिरून येईन, तरी ह्याचं वरणच सुरू राह्यते."

आणि हाच माणूस फटफटीवर बसला की दिसेनासा व्हायचा. नुसती धूळ उरायची.

फटफटी त्यांची नव्हती, हे आधी सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारनं मोडीत काढलेल्या गाड्यांपैकी ती एक. लटारीभाऊ ज्या ठेकेदारशेठकडे कामाला होते, त्यांनी ती नागपूरहून आणली होती. शेठचे लाकडाचे डेपो जंगलात लांबलांब पसरलेले, पार कुरखेड्याच्या बाजूपर्यंत. तिथले निरोप पोचवायचे, मजूर आले की नाही बघायचं, हे लटारीभाऊंचं काम. गाडीचा मूळ रंग कुठला होता कोण जाणे, पण लटारीभाऊ रोज तिला खोबरेल लावलेल्या फडक्यानं पुसत. सुभद्रेच्या वाट्याचं तेल निम्मं तिकडेच जाई, आणि त्यावरून त्यांच्या घरात जी भांडणं होत ती आम्हाला भिंतीपलीकडून फुकट ऐकायला मिळत.

दिसायला म्हणाल तर काटक, सावळे, कपाळ मोठं. अंगात जंगलखात्यातल्या कुणीतरी टाकून दिलेला खाकी कोट, खाली धोतराचा काचा, डोक्याला दुपट्टा करकचून बांधलेला. डोळ्यांवर सैनिकांचा असतो तसला मोठा काळा चष्मा. पोरं त्यांना बेडूकमामा म्हणत आणि ते खुशाल ओ देत. एक खोड मात्र त्यांना होती. हातात काहीही धरलं, बादलीची कडी, छत्रीची मूठ, तांब्याचा काठ, की त्यांचं उजवं मनगट आपोआप मागं वळायचं. फटफटीचा वेग वाढवायला मूठ तशी पिळावी लागते. बोलणं दुसऱ्याच विषयावर चाललेलं असायचं आणि मनगट आपलं हळूच पिळत असायचं. मी एकदा म्हटलं, "लटारीभाऊ, कुठं पोचलात?" तर लाजून हात धोतरात लपवला.

माझ्या सासूबाई पहिल्यांदा आमच्याकडे आल्या तेव्हा स्टेशनावर टांगा मिळेना. सासूबाई अंगानं भरलेल्या आणि स्वभावानं त्याहून. लटारीभाऊ म्हणाले, "बसा माय, आनतो पोचवून." सासूबाई एका बाजूला पाय सोडून बसल्या, डोळे घट्ट मिटले आणि रामरक्षा सुरू केली. रामरक्षा संपली, पुन्हा सुरू केली, पुन्हा संपली. शेवटी एक डोळा उघडून बघतात तर शेजारून एक बैलगाडी त्यांना मागं टाकून चाललेली, आणि गाडीतली बाई त्यांच्याकडे बघून हसत होती. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्यापेक्षा मी चालत आले असते." लटारीभाऊ हात जोडून उभे. "माय, तुमाले आनाचं होतं. घाई कायले करू?" सासूबाई पुढं नाशिकला जाऊन सगळ्यांना सांगत, की बल्लारपूरला एक फार सभ्य ड्रायव्हर आहे, पण त्याला गाडी चालवता येत नाही.

त्या वर्षांत आमच्याकडे फटफटींच्या शर्यती होत. कारखान्यातले, कोळशाच्या खाणीतले आणि रेल्वेतले काही हौशी लोक एकत्र आले आणि त्यांनीच त्या सुरू केल्या. धान कापून झालं, रस्ते वाळले, की हंगाम सुरू. आणि होळीच्या आधी शेवटची फेरी. मधे काही काही आठवड्यांनी एक फेरी, दर वेळी रस्ता वेगळा. प्रत्येक फेरीत पहिल्या येणाऱ्याला जास्त गुण, पुढच्याला कमी, असं करत शेवटी ज्याचे गुण जास्त त्यानं हंगाम जिंकला. रस्ते सगळे कच्चे. जो पुढं असेल त्याला रस्ता दिसे, मागचा त्याच्या धुळीत आंधळा. म्हणून पुढं राहण्यासाठी जिवाचा आटापिटा.

लटारीभाऊंची तयारी मात्र न्यारी होती. फेरीच्या आधी ते त्या रस्त्यानं पायी जात. गावोगाव थांबत, चहा घेत, पोराबाळांची चौकशी करत आणि सांगत, "आइतवारी आमी येऊन राह्यलो. बकऱ्या-कोंबड्या बांधून ठेवजा बाप्पा." बाकीचे गाडीचं पोट उघडून बसलेले असत तेव्हा हे कुणाच्या तरी ओसरीवर पोहे खात असत. त्यामुळं शर्यतीच्या दिवशी अख्खा रस्ता त्यांच्या बाजूचा. एका गावात तर बायका आपल्या कोंबड्या कुशीत घेऊन उभ्या होत्या, असं सुभद्रा सांगे.

रस्त्यातलं एकच घर त्यांच्या बाजूचं नव्हतं. ते त्यांच्या सासूचं.

सुभद्रेचं माहेर सावली गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून, तलावाकाठी. तिची आई सखूबाई विधवा, एकटीच्या हिमतीवर धानाची शेती करणारी, खमकी बाई. तिनं पोरगी दिली होती ती नांगर धरणाऱ्या लटारीला. त्यानं नांगर सोडला आणि फटफटी धरली, तेव्हापासून तिनं जावयाशी बोलणं टाकलं. टाकलं म्हणजे अगदी टाकलं. लटारीभाऊ समोर बसलेले असले तरी ती घराच्या खांबाकडे बघून बोलायची. "सांग गा खांबा, जेवाले बसा म्हना." मग लटारीभाऊही खांबालाच सांगत, "पोट भरलं म्हना, खांबा." त्यांनी हे मला हसत हसत सांगितलं होतं. पण हसून झाल्यावर हातात तांब्या असूनही त्यांचं मनगट हललं नाही. त्यांना आई नव्हती, लहानपणीच गेलेली. सासूनं सरळ आपल्याकडे बघावं एवढंच त्या माणसाला हवं होतं. ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण मला कळायचं.

ज्या हंगामाबद्दल सांगायचंय, त्यात शेवटच्या फेरीआधी लटारीभाऊ आणि रेल्वेतला डिसोझा यांचे गुण सारखे झाले होते. डिसोझा इंजिनावर कोळसा टाकायचा. विशीतला, उंच, सदा शीळ घालणारा पोरगा. लटारीभाऊंचं आणि त्याचं चांगलं जमायचं. पण ह्या वेळी गोष्ट नुसती हंगाम जिंकण्याची नव्हती. ठेकेदारशेठ आता जीप घेणार होते. त्यांनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, "लटारी, हंगाम जितला तर फटफटी तुझी. नाही तर होळीनंतर ती विकली."

त्या दिवशी लटारीभाऊ जेवले नाहीत. जेवायला बसले, पण घास हातातच राहिला. सुभद्रा मला म्हणाली, "बाई, माह्यासाठी नाई रडला हा मानूस कधी. त्या गाडीसाठी डोये भरले त्याचे." तिला राग आला होता आणि तीही रडत होती.

शेवटची फेरी चांद्याहून, आताच्या चंद्रपूरहून, निघून मूल, सावली ही गावं करत वैनगंगेच्या काठापर्यंत. म्हणजे सखूबाईच्या दारावरून. लटारीभाऊ नेहमीप्रमाणे पायी गेले, सगळ्या गावांना सांगून आले. सासूच्या दारात उभं राहून त्यांनी खांबाला सांगितलं, "आइतवारी आमी ह्या रस्त्यानं जाऊन राह्यलो. हंगाम जितला तं गाडी आपली होते." खांब काही बोलला नाही. पण दोन दिवसांनी माहेराहून सुभद्रेला निरोप आला, की शर्यत बघायला ये. बोलणं टाकल्यापासूनचं ते पहिलं बोलावणं. सुभद्रा मलाही ओढून घेऊन गेली.

आदल्या दिवशी सर्व्हिस मोटारीनं, म्हणजे तेव्हाच्या बसनं, पोचलो. सकाळी उठून बघते तर गावाचं रूपच पालटलेलं. सखूबाई पहाटेपासून रस्त्यावर. सोबत आळीतल्या दहा-पंधरा बायका. देवळाजवळ रस्ता एकदम वळतो, ते अख्खं वळण त्यांनी झाडलं होतं आणि ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत शेणानं सारवलं होतं. वरून सडा. त्यावर पांढरीशुभ्र रांगोळी, कमळं, स्वस्तिकं आणि मधोमध एक फटफटी, तिला चाकं तीन. आंब्याचं तोरण ह्या झाडापासून त्या झाडाला. ऊन चढलं की सारवण वाळायला लागायचं, की सखूबाई ओरडायची, "अवो, वाळून राह्यलं, मारा पानी!" आणि बायका तलावातून घागरी आणून पुन्हा हात फिरवायच्या. घरी जावई येतो तेव्हा अंगण कोरडं ठेवायचं नाही, ही तिकडची रीत. सखूबाईनं तेवढ्या दिवसासाठी रस्त्यालाच अंगण केलं होतं. खरं सांगते, इतकं सुंदर वळण मी जन्मात पाहिलं नव्हतं. सुभद्रा आईच्या पाठीमागं उभी राहून पदर तोंडाशी धरून होती. आपल्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा दुसरं काही आलं नसतं.

उन्हं तापली आणि लांबून आवाज आला. पोरं ओरडली, "आली, आली!" बायकांनी शेवटच्या घागरी उपड्या केल्या. सखूबाईनं नवं लुगडं नेसलेलं, हातात ताट, ताटात निरांजन. ती रस्त्याच्या मधोमध, सारवलेल्या जागेच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभी राहिली.

देवळामागून लटारीभाऊ आले ते वाऱ्यासारखे. एकटे पुढं. मागं धुळीचा ढग, आणि त्या ढगात डिसोझाच्या गाडीचा आवाज. मी त्यांच्याकडेच बघत होते म्हणून मला दिसलं. त्यांनी आधी रस्ता बघितला. ओला, चमकणारा. मग सासू बघितली. मग मागं वळून धूळ बघितली. तेवढ्यात काय काय त्यांच्या मनात आलं असेल, ते आलं. त्यांना स्वतःला कडेच्या गवतातून गाडी हळूच काढून नेता आली असती. पण मागून येणारा पोरगा धुळीत आंधळा होता, आणि त्या शेणावर त्या वेगात आला असता तर सरळ सखूबाईच्या ताटावर गेला असता.

लटारीभाऊंनी दोन्ही पाय जमिनीत रोवले. गाडी करकरत, आडवी होत, रांगोळीच्या अलीकडे थांबली आणि बंद पडली. त्यांनी डोक्याचा दुपट्टा ओढून काढला आणि मागं तोंड करून तो दोन्ही हातांनी हलवत ओरडले, "थांब रे पोट्ट्या! थांब!"

डिसोझा धुळीतून बाहेर आला, दुपट्टा बघितला आणि कशीबशी गाडी आवरली. त्याचं पुढचं चाक नुसतं सारवणाच्या काठाला लागलं, तेवढ्यानं गाडी घसरून आडवी झाली आणि तो गुडघ्यावर बसला. उठला, रस्ता बघितला, आणि त्याच्या ओठांवरची शीळच गेली. तो लटारीभाऊंकडे बघत राहिला.

पण बाकीच्यांना ह्यातलं काहीच कळलं नव्हतं. सखूबाईला एवढंच दिसलं, की जावयानं भर शर्यतीत आपल्यासाठी गाडी थांबवली, वर मागच्यालाही थांबवलं. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या. अनवाणी पावलांनी, आपलीच रांगोळी तुडवत ती पुढं आली. खांब तिथं नव्हता. तिनं सरळ त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "जावईबापू, उभे राहा जरासे."

डिसोझा पुटपुटला, "भाऊ, तुम पहले जाव. मैं रुकता."

लटारीभाऊंची गाडी तापून बंद पडलेली. ती सुरू करायला वेळ लागणार. मागून तिसऱ्याचा आवाज यायला लागला होता. ते डिसोझाला म्हणाले, "जाय रे बाप्पा. गवतातून काढ गाडी. घाई नाई आपल्याले."

डिसोझा गेला. लटारीभाऊंनी मग काळा चष्मा वर केला आणि मान खाली वाकवली. सखूबाईनं कुंकू लावलं, ओवाळलं, अक्षता टाकल्या. तिसरा येताना दिसला तेव्हा लटारीभाऊंनी तसंच ओवाळून घेता घेता हात वर करून त्याला गवताकडे वळवलं. तोही गेला. त्यांचं उजवं मनगट गाडीच्या मुठीवर होतं. ते पिळत होतं, आणि गाडी बंद होती.

वैनगंगेच्या काठावर डिसोझा पहिला आला आणि लटारीभाऊ मागून पोचले, तेव्हा पंचांनी विचारलं, "काऊन थांबला होता गा?" डिसोझा बोलायला पुढं झाला, तर लटारीभाऊंनी त्याचा दंड धरला आणि म्हणाले, "सासूबाईनं ओवाळलं, साहेब. नाई म्हनता येते का?" सगळे पोट धरधरून हसले. ठेकेदारशेठ हसले नाहीत. "बह्याड आहेस, निव्वळ वेडा," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. पुढं कितीतरी दिवस बल्लारपुरात लटारीभाऊ दिसले की लोक ओवाळण्याची नक्कल करत, आणि ते मान वाकवून उभे राहत.

मला मात्र राहवेना. मी विहिरीवर त्यांना गाठलं. "लटारीभाऊ, तुम्ही रस्ता बघून थांबलात. मी पाहिलंय. खरं सांगितलं असतंत तर फेरी पुन्हा घेतली असती त्यांनी. डिसोझाही तेच म्हणतोय. अजून सांगा."

त्यांनी बादलीतून तांब्या भरून घेतला. "सांगतो तं खरं बाई. पन मंग ते सावलीपर्यंत जाईन. बुढीले समजन, का तिच्या सड्यानं एखादं पोट्टं मेलं असतं. अन् गाडी तिच्यानंच गेली. पुन्हा खांबासंगच बोलन ती, अन् ह्या बारीनं लाजेनं बोलन." मग तांब्या अंगावर ओतला. "सुभद्रेच्या मायले सांगू नोका. सुभद्रेलेही नोका सांगू."

मी नाही सांगितलं. मला वाटतं सुभद्रेला न सांगताच कळलं होतं, कारण त्यानंतर खोबरेलावरून तिनं एकदाही भांडण काढलं नाही. पण तेव्हा भांडायला फटफटी तरी कुठं उरली होती? होळी झाली आणि नागपूरचा कुणी माणूस येऊन ती घेऊन गेला. लटारीभाऊंनी तिला पुसून, चमकवून, स्वतः ढकलत स्टेशनावर पोचवली. मालगाडीच्या डब्यात चढवताना डिसोझाही होता. तो रडला. लटारीभाऊ नाही रडले. घरी येऊन मात्र नुसते बसून राहिले, समोरचं वरण गार झालं तरी.

पुढं ह्यांना दुसरीकडे नोकरी लागली आणि आम्ही बल्लारपूर सोडायचं ठरवलं. निघण्याआधी गडचिरोलीला एका लग्नाला गेलो होतो, सर्व्हिस मोटारीनं. सावलीच्या अलीकडे तलावावरून ढोरं येत होती, म्हणून मोटार थांबली. मी खिडकीतून बघितलं तर तेच वळण. सखूबाईच्या दारापुढं पार रस्त्यावर आलेला सडा, ओला.

समोरून एक सायकल येत होती. सासुरवाडीला आलेले लटारीभाऊ. मागच्या कॅरियरवर सखूबाई, एका बाजूला पाय सोडून, एका हातात बाजारात न्यायची भाजीची टोपली आणि दुसऱ्या हातानं जावयाचा खाकी कोट गच्च धरलेला. ती सारखी काहीतरी बोलत होती, सरळ त्यांच्या पाठीशी. सड्यापाशी आल्यावर ते उतरले. तिला म्हणाले, "तुमी बसून राहा माय," आणि तिला तशीच बसवून सायकल कडेच्या गवतातून हातानं चालवत नेली, ओल्या जागेला चाक लागू न देता. मी हाक मारली, पण मोटारीचं इंजिन सुरू झालं होतं, त्यांना ऐकू गेलं नाही.

पलीकडे कोरड्या रस्त्यावर ते पुन्हा सायकलवर बसले. आमची मोटार हलली तेव्हा मी मागं वळून बघितलं. सायकल रमतगमत चालली होती, एक बैलगाडी त्यांना मागं टाकून गेली. आणि सायकलच्या मुठीवर लटारीभाऊंचं उजवं मनगट हळूहळू मागं पिळत होतं.